वॉर्डातले गुरुकुल : सर विल्यम ऑस्लर

वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून पहिल्यांदा वॉर्डात जातो. नेमून दिलेल्या खाटेपाशी उभा राहून तो रुग्णाला काय होते, कधीपासून होते, काम काय करता, घरी कोण कोण आहे, असे प्रश्न विचारतो आणि केस लिहून काढतो. आपल्याकडील कोणत्याही शिक्षण रुग्णालयात रोज दिसणारे हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे, की ते कुणीतरी कधीतरी आग्रहाने सुरू केले असेल असे मनातही येत नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत मात्र परिस्थिती अगदी वेगळी होती. तेथील अनेक वैद्यकीय शाळांत विद्यार्थी सभागृहातील बाकांवर बसून व्याख्याने ऐकत, दुरून एखादा रुग्ण पाहत आणि परीक्षा देऊन डॉक्टर होत. एकाही रुग्णाची जबाबदारी अंगावर न घेता पदवी मिळवणे सहज शक्य होते.

ही रीत मोडून विद्यार्थ्याला रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन उभे करण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा होता, ते डॉक्टर म्हणजे सर विल्यम ऑस्लर. कॅनडात जन्मलेल्या, अमेरिकेत कीर्ती मिळवलेल्या आणि इंग्लंडमध्ये निधन पावलेल्या या शिक्षकाला आधुनिक वैद्यकाचे जनक म्हणण्याची प्रथा आहे. अशा पदव्या फार गांभीर्याने घेऊ नयेत हे खरे. तरीही रोगाबरोबर रोगी माणसाकडेही पाहायला विद्यापीठात शिकवता येते काय, हा प्रश्न आज जगभरच्या वैद्यकीय आणि परिचर्या शिक्षणात पुन्हा ऐरणीवर आला आहे. त्याचे उत्तर शोधताना ऑस्लर यांच्या आयुष्याकडे वळावेच लागते. ते उत्तर त्यांच्या थोरवीत जसे सापडते, तसेच त्यांच्या मर्यादांतही सापडते.

धर्मोपदेशकाचा खोडकर मुलगा

ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी आजच्या ओंटारियो प्रांतातील बाँड हेड या आडवळणाच्या वस्तीत झाला. वडील फेदरस्टोन ऑस्लर हे इंग्लंडमधील कॉर्नवॉलहून धर्मोपदेशक म्हणून आलेले. एकेकाळी आरमारात नोकरी केलेला हा गृहस्थ जंगल तोडून वसवलेल्या गावांतून घोड्यावर फिरत प्रार्थना घेत असे. घरात नऊ भावंडे आणि त्यांत विल्यम आठवा. पुढे कुटुंब डंडास या गावी आले. तेथील शाळेतून या मुलाला खोड्यांपायी काढून टाकण्यात आले. गंमत करण्याची ही हौस त्यांना जन्मभर पुरली. एगर्टन यॉरिक डेव्हिस या टोपणनावाने त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांना थापा मारल्याचे किस्से प्रसिद्ध आहेत.

वडिलांप्रमाणे धर्मोपदेशक व्हायचे, असे त्यांनी आधी ठरवले होते. ती वाट बदलली ती एका धर्मोपदेशकामुळेच. वेस्टन येथील ट्रिनिटी कॉलेज स्कूलचे संस्थापक रेव्हरंड विल्यम जॉन्सन यांना सूक्ष्मदर्शकाचे वेड होते. मुलांना घेऊन ते रानावनात हिंडत, डबक्यांतले पाणी आणून त्यातली सृष्टी दाखवत. टोरोंटोला गेल्यावर डॉ. जेम्स बोव्हेल यांची गाठ पडली. त्यांच्या घरातील ग्रंथसंग्रहात हा तरुण रमला. १८६८ मध्ये त्याने धर्मशास्त्र सोडून वैद्यक धरले. १८७० मध्ये तो माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गेला, तेव्हा तिसरे गुरू भेटले, डॉ. पामर हॉवर्ड. पुढे वीस वर्षांनी जगभर गाजलेला आपला ग्रंथ ऑस्लर यांनी या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. शिक्षकाच्या घराचे दार विद्यार्थ्यासाठी उघडे असावे, हा धडा त्यांनी या तिघांकडूनच घेतला होता.

१८७२ मध्ये पदवी मिळाल्यावर दोन वर्षे त्यांनी लंडन, बर्लिन आणि व्हिएन्ना येथे घालवली. रक्तातील बिंबिकांचे, म्हणजे प्लेटलेट्सचे निरीक्षण करून त्यांनी लिहिलेला निबंध या विषयावरील आरंभीच्या महत्त्वाच्या कामांत गणला जातो. १८७४ मध्ये ते मॅकगिलला अध्यापक म्हणून परतले, तेव्हा वय पंचवीस. विद्यार्थ्यांनी सूक्ष्मदर्शकातून स्वतः पाहिले पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पण महाविद्यालयाकडे पैसे नव्हते. माँट्रियल जनरल हॉस्पिटलच्या देवीच्या कक्षात काम करण्यास फारसे कुणी राजी नसे. ऑस्लर यांनी ते पत्करले. स्वतःला देवी येऊनही गेल्या. त्या कामाबद्दल मिळालेले मानधन त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शक मागवण्यात खर्च केले.

या दहा वर्षांत त्यांनी शेकडो शवविच्छेदने केली. जिवंतपणी आपण काय निदान केले होते आणि मृत्यूनंतर काय दिसले, हे ताडून पाहण्याची ती शाळा होती. आपली चूक आपल्याच डोळ्यांनी पाहण्याची ही सवय असल्यामुळेच की काय, औषधांबद्दल त्यांच्या मनात एक सावध अविश्वास कायम राहिला.

फिलाडेल्फियातील पाच वर्षे

१८८४ मध्ये ऑस्लर युरोपात असताना फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे बोलावणे आले. माँट्रियल सोडावे की नाही, हा निर्णय त्यांनी लाइपझिग येथे नाणे उडवून घेतल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. कौल फिलाडेल्फियाच्या बाजूने पडला.

त्या शहरातील विद्यार्थ्यांना ओघवत्या वक्तृत्वाचे प्राध्यापक ऐकण्याची सवय होती. नव्या प्राध्यापकांनी त्यांची निराशाच केली. ते भाषण देत नसत. बोलता बोलता अडखळत आणि टेबलाच्या कडेवर बसून गप्पा मारल्यासारखे शिकवत. पण थोड्याच दिवसांत विद्यार्थ्यांच्या लक्षात आले, की वॉर्डात यांच्याबरोबर फिरण्यात जे मिळते ते कोणत्याही व्याख्यानात मिळत नाही. याच काळात नदीपलीकडच्या कॅम्डन गावी राहणारे वृद्ध कवी वॉल्ट व्हिटमन त्यांचे रुग्ण होते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या शहराला आणि या वर्षांना आणखी एक अर्थ आहे. आनंदीबाई जोशी याच फिलाडेल्फियात, स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या आणि मार्च १८८६ मध्ये त्यांनी एम.डी. पदवी मिळवली. रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहण्याचा हक्क स्त्रियांना त्या शहरात झगडून मिळवावा लागला होता. १८६९ मध्ये या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील वर्गाला पहिल्यांदा गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली होती. वॉर्डातले शिक्षण ही त्या काळी कुणालाही आपोआप मिळणारी गोष्ट नव्हती. स्त्रियांना तर मुळीच नव्हती.

बाल्टिमोरचा प्रयोग

ऑस्लर यांच्या कर्तृत्वाचा मध्यान्ह म्हणजे बाल्टिमोर येथील सोळा वर्षे. जॉन्स हॉपकिन्स या व्यापाऱ्याच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे दरवाजे मे १८८९ मध्ये उघडले. ऑस्लर तेथे वैद्यक विभागाचे प्रमुख झाले. विकृतिशास्त्रात विल्यम वेल्च, शस्त्रक्रियेत विल्यम हॅल्स्टेड, स्त्रीरोगशास्त्रात हॉवर्ड केली आणि वैद्यकात ऑस्लर, अशी चौकडी जमली. त्याच वर्षी इझाबेल हॅम्प्टन यांच्या नेतृत्वाखाली परिचारिकांचे विद्यालयही सुरू झाले.

वैद्यकीय महाविद्यालयासाठी मात्र पैसा कमी पडत होता. तो मेरी गॅरेट या धनवंत बाईंनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी उभा केला, पण अटी घालून. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळाला पाहिजे आणि प्रवेशासाठी आधीची पदवी आवश्यक असली पाहिजे. विश्वस्तांना या अटी मान्य कराव्या लागल्या. १८९३ मध्ये पहिला वर्ग भरला तेव्हा अठरा विद्यार्थ्यांत तिघी स्त्रिया होत्या.

हे विद्यार्थी वरच्या वर्गात पोहोचले तेव्हा ऑस्लर यांनी आपली पद्धत पूर्णपणे अमलात आणली. तिसऱ्या वर्षी विद्यार्थी बाह्यरुग्ण विभागात बसत. नवा रुग्ण आला की विद्यार्थी त्याची हकीकत घेई, तपासणी करी आणि सर्वांसमोर मांडी. चौथ्या वर्षी तो वॉर्डात कारकून म्हणून रुजू होई. त्याच्याकडे ठरावीक खाटा सोपवल्या जात. त्या खाटांवरील रुग्णांचा पूर्वेतिहास लिहिणे, रोजची नोंद ठेवणे, रक्त आणि लघवी स्वतः तपासणे, सकाळच्या फेरीत शिक्षकांना सर्व सांगणे ही त्याची जबाबदारी होती. अशी कारकुनी ब्रिटनमधील रुग्णालयांत पूर्वीपासून होती आणि निवासी डॉक्टरांची उतरंड जर्मनीत होती. ऑस्लर यांनी दोन्ही एकत्र आणून त्यांना विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पक्के बसवले. विद्यार्थी हा रुग्णालयातला पाहुणा न राहता रुग्णालयाच्या यंत्रणेचा एक आवश्यक भाग झाला. त्याने नोंद केली नाही तर ती कुणीच केलेली नसे.

या पद्धतीचा गाभा समजून घेण्यासारखा आहे. रुग्णाशी सौजन्याने वागा, असे व्याख्यान ऑस्लर यांनी दिले असते तर ते वहीत उतरून तेथेच राहिले असते. त्यांनी त्याऐवजी विद्यार्थ्याची रोजची कामेच अशी ठरवली, की त्याला एकाच माणसाजवळ आठवडेच्या आठवडे जावे लागे. विषमज्वराचा रुग्ण त्या काळी महिना-महिना खाटेवर असे. त्याच्या तापाचा आलेख रोज लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या बायकोचे येणे, पोराबाळांची चिंता, बुडालेला रोजगार हे सारे आपसूक कळत जाई. ओळख ही सहवासातून होते, या साध्या गोष्टीवर हे शिक्षण उभे होते. आपल्या थडग्यावर दुसरे काही लिहू नका, वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवले एवढेच लिहा, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती, ती याच कामाच्या अभिमानातून.

शिक्षण वॉर्डाच्या भिंतींबाहेरही गेले. क्षयाचे रुग्ण औषध घेऊन जातात त्या घरांत हवा किती, माणसे किती, थुंकी कुठे टाकली जाते, हे पाहिल्याशिवाय उपचार निरर्थक आहेत, असे ऑस्लर यांचे मत होते. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांनी वैद्यकीय विद्यार्थिनींना अशा रुग्णांच्या घरी पाठवण्यास प्रारंभ केला. बाल्टिमोरच्या गल्ल्यांतील अंधाऱ्या खोल्यांची वर्णने रुग्णालयात येऊ लागली. त्यातून क्षयाविरुद्धच्या शहरातील चळवळीला बळ मिळाले.

ग्रंथ, घर आणि घोटाळे

१८९२ हे त्यांच्या आयुष्यातील भाग्याचे वर्ष. त्यांचा ‘द प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस ऑफ मेडिसिन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ग्रेस रिव्हिअर ग्रॉस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एकट्याने लिहिलेला तो ग्रंथ पुढील कित्येक वर्षे इंग्रजी जगातील वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा आधार होता. त्याचे वैशिष्ट्य त्याच्या प्रामाणिकपणात होते. ज्या रोगांवर औषध नाही, तेथे औषध नाही असे तो स्पष्ट सांगत असे. चांगली परिचर्या, योग्य आहार आणि विश्रांती यांनाच त्यात मान होता. १८९७ च्या उन्हाळ्यात तो ग्रंथ जॉन रॉकफेलर यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स यांनी वाचला. इतक्या थोड्या रोगांवर इलाज असल्याचे पाहून ते अस्वस्थ झाले. त्या अस्वस्थतेतूनच १९०१ मध्ये रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली.

बाल्टिमोरच्या वेस्ट फ्रँकलिन स्ट्रीटवरील त्यांचे घर हा शिक्षणाचा दुसरा वर्ग होता. शनिवारी संध्याकाळी विद्यार्थ्यांची टोळी तेथे जमे. आठवड्यातल्या रुग्णांवर चर्चा होई, जुन्या ग्रंथांची पाने उलटली जात. शेजारी राहणाऱ्या तरुण डॉक्टरांना तर घराच्या किल्ल्याच दिलेल्या होत्या. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेत नाव कमावणारे हार्वे कुशिंग हे त्यांपैकीच. कुशिंग यांनी लिहिलेल्या ऑस्लर यांच्या चरित्राला १९२६ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले.

ऑस्लर यांच्या शिकवणुकीतील एक धागा मात्र आजही वादाचा विषय आहे. १८८९ मध्ये फिलाडेल्फिया सोडताना केलेल्या भाषणात त्यांनी तरुण डॉक्टरांपुढे मनाच्या समतोलाचा आदर्श ठेवला. संकटात चेहऱ्यावरची रेषाही हलू नये, थोडी भावनिक कठोरता असावी, असा त्याचा आशय होता. डॉक्टरांच्या पिढ्यांनी त्याचा अर्थ अलिप्तता असा घेतला. सहवेदना शिकवू पाहणारे आजचे अध्यापक या भाषणावर टीका करतात आणि ती सर्वस्वी अस्थानी नाही. मात्र रक्तस्राव होणाऱ्या रुग्णासमोर डॉक्टरनेच धीर सोडला तर रुग्णाने कुणाकडे पाहायचे, हा त्यांचा मुद्दाही खोटा नाही. त्यांचे स्वतःचे वागणे तर या उपदेशाहून कितीतरी ऊबदार होते.

फेब्रुवारी १९०५ मध्ये बाल्टिमोरचा निरोप घेताना त्यांनी केलेली थट्टा अंगलट आली. माणसाचे मोठे काम चाळिशीपूर्वीच होते आणि साठीनंतर तो निरुपयोगी ठरतो, असे सांगताना एका जुन्या कादंबरीचा हवाला देऊन त्यांनी वृद्धांना क्लोरोफॉर्म देण्याचा विनोद केला. वृत्तपत्रांनी तो गांभीर्याने छापला आणि देशभर गहजब उडाला. लाडक्या डॉक्टरलाही शब्दांची किंमत मोजावी लागली.

ऑक्सफर्डचे ‘उघडे घर’

१९०५ मध्ये ऑस्लर ऑक्सफर्ड विद्यापीठात वैद्यकाचे रेजिअस प्राध्यापक झाले. कामाचा ताण हलका होता. तरी रविवारी सकाळी रॅडक्लिफ रुग्णालयात त्यांची फेरी असे आणि त्यांच्याबरोबर तरुण डॉक्टरांचा जथा चाले. पदाबरोबर इवेल्म गावच्या वृद्धाश्रमाचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले. ते बहुधा नावापुरतेच मानले जाई. ऑस्लर मात्र तेथे जाऊन राहत, एकेका म्हाताऱ्याच्या खोलीत बसून गप्पा मारत. १९११ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. नॉरहॅम गार्डन्समधील त्यांच्या घरी देशोदेशीच्या विद्यार्थ्यांचा असा राबता असे, की त्या घराला मित्रांनी उघड्या बाहूंचे घर असे नाव ठेवले.

या काळातील एक आठवण वैद्यकीय शिक्षकांत आजही सांगितली जाते. एका डॉक्टरांच्या लहान मुलाला डांग्या खोकला होऊन छातीत कफ साचला होता. मूल काही खात नव्हते. ऑस्लर पदवीदान समारंभाला निघाले असता वाटेत त्याला पाहायला गेले. अंगावर विद्यापीठाचा लाल झगा होता. तो पाहून मूल थक्क झाले. ऑस्लर यांनी तपासणी थोडक्यात आटोपली, खाटेवर बसले, एक पीच सोलले, साखर लावली, फोडी केल्या आणि हे काही साधेसुधे फळ नाही अशा आविर्भावात एकेक फोड मुलाला भरवली. मूल जगेल याची खात्री त्यांना वाटत नव्हती. पुढे सुमारे चाळीस दिवस ते रोज आले आणि प्रत्येक वेळी खोलीच्या दाराबाहेर तो झगा अंगावर चढवून आत गेले. मूल बरे झाले.

या गोष्टीत चमत्कार नाही. त्या काळी या आजारावर प्रभावी औषधच नव्हते. जे करता येण्याजोगे होते ते म्हणजे मुलाने खावे आणि त्याने जगण्याची उमेद धरावी. त्या मुलाला काय हवे आहे हे ऑस्लर यांनी ओळखले आणि तेवढ्यासाठी रोज वेळ काढला. व्यक्तिकेंद्री उपचार या आज रूढ झालेल्या शब्दाचा याहून सोपा अर्थ सांगता येणार नाही.

कोणता माणूस दिसला, कोणता दिसला नाही

इथे थांबून त्यांचा गौरव करून मोकळे होणे सोपे आहे. ते योग्य मात्र ठरणार नाही. हॉपकिन्सच्या वॉर्डात ज्यांच्या खाटेपाशी विद्यार्थी शिकत होते ते बहुतेक गरीब होते. मोफत उपचारांच्या बदल्यात त्यांचे शरीर शिक्षणाच्या कामी येत होते. त्यांची संमती विचारण्याची पद्धत आजच्या अर्थाने अस्तित्वात नव्हती. संस्थापकाने वर्ण न पाहता गरिबांची सेवा करण्यास सांगितले होते, तरी कृष्णवर्णीयांचे वॉर्ड वेगळे होते. वॉर्डातून सहानुभूती शिकून विद्यार्थी बाहेर पडत. पण वॉर्डाची ही रचना का, हा प्रश्न त्या शिक्षणात नव्हता.

भारतीय वाचकाला याहून जवळची एक गोष्ट आहे. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ या जहाजातून ३७६ भारतीय कॅनडाच्या व्हँकुव्हर बंदरात पोहोचले. त्यांत बहुसंख्य पंजाबी शीख होते. त्यांतील बहुतेकांना उतरू दिले गेले नाही आणि दोन महिन्यांनी जहाज परत पाठवण्यात आले. त्याच वर्षी ऑस्लर यांनी एका भाषणात कॅनडा हा गोऱ्यांचाच देश राहिला पाहिजे, अशी भूमिका जाहीरपणे मांडली. कॅनडातील डॉक्टरांनीच २०२० मध्ये हे प्रकरण पुन्हा चर्चेत आणले. एका मुलासाठी रोज झगा चढवणारा माणूस जहाजावरच्या शेकडो माणसांना मात्र एक गठ्ठा म्हणून पाहत होता. काळाचा दोष म्हणून हे बाजूला सारता येईल, पण त्यातून शिकण्यासारखे काहीतरी निसटेल. खाटेवरच्या माणसाविषयीची माया आपोआप सर्व माणसांपर्यंत पसरत नाही. ती कुठे थांबते, हेही विद्यार्थ्याला दाखवावे लागते.

अखेरची वर्षे

ऑस्लर दाम्पत्याचे पहिले मूल १८९३ मध्ये जन्मानंतर आठवड्याच्या आतच गेले होते. दुसरा मुलगा रिव्हिअर १८९५ मध्ये जन्मला. वडिलांप्रमाणे त्यालाही जुन्या पुस्तकांचा नाद होता. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात दाखल झाला आणि ऑगस्ट १९१७ च्या अखेरीस बेल्जियममधील ईप्र येथे तोफगोळ्याने जबर जखमी झाला. त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा कुशिंग तेथे होते. बाल्टिमोरमध्ये ज्यांना घराची किल्ली दिली होती, त्याच शिष्याने गुरूच्या मुलाचे अखेरचे क्षण पाहिले. रिव्हिअर एकवीस वर्षांचा होता.

ऑस्लर यांनी काम थांबवले नाही. चारचौघांत ते पूर्वीसारखेच हसत-बोलत. रात्री मात्र त्यांचा बांध फुटे असे घरच्यांनी सांगितले आहे. १९१८ च्या अखेरीस ते ऑक्सफर्डमधील एका मरणासन्न लहान मुलीला रोज भेटत होते. परीकथेतील आजीबाईचे सोंग आणून तिच्या बाहुल्यांची चौकशी करत. बागेतला मोसमातला शेवटचा गुलाब त्यांनी तिला नेऊन दिला आणि फुले व माणसे कोमेजतात त्याची गोष्ट अशी सांगितली, की मुलीच्या मनातील भीती हलकी झाली. समतोलाचा पुरस्कर्ता म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते, त्यांच्या समतोलाचा अर्थ हा होता. २९ डिसेंबर १९१९ रोजी न्यूमोनियाच्या गुंतागुंतीतून, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे ऑक्सफर्ड येथे निधन झाले.

वारसा आणि आजचा वॉर्ड

१९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिकी वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेणारा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा आदर्श म्हणून हॉपकिन्सकडे बोट दाखवले. या अहवालाने प्रयोगशाळेला आणि पूर्णवेळ संशोधक प्राध्यापकांना महत्त्व आले. गंमत अशी, की खुद्द ऑस्लर यांनी १९११ मध्ये पूर्णवेळ प्राध्यापकांच्या योजनेला विरोध केला होता. शिक्षक संशोधनात गुंतले की रुग्ण आणि विद्यार्थी दोघेही पोरके होतील, ही त्यांची भीती होती. ती अगदीच निराधार नव्हती. १९२७ मध्ये बोस्टनचे डॉ. फ्रान्सिस पीबॉडी यांनी, स्वतः कर्करोगाने आजारी असताना, तरुण डॉक्टर रोगाची यंत्रणा जाणतात पण रुग्णाची काळजी घेणे जाणत नाहीत, ही तक्रार मांडली. १९८० च्या दशकात ऑस्लर यांच्याच ओंटारियो प्रांतातील वेस्टर्न ओंटारियो विद्यापीठात इयन मॅकविनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णकेंद्री पद्धतीची शिकवता येईल अशी मांडणी केली. रुग्णाला आजाराविषयी काय वाटते, त्याला कशाची भीती आहे, डॉक्टरकडून त्याची अपेक्षा काय, हे विचारणे त्यात तपासणीचाच भाग ठरले.

भारतात २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे स्वतंत्र प्रशिक्षण, तसेच विद्यार्थ्याला रुग्णाची जबाबदारी देणारी क्लिनिकल क्लार्कशिप यांचा समावेश झाला. त्यानंतर विद्यार्थ्यांनी गावातील कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या घरी जाण्याची योजनाही आली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत तर १९६९ मध्ये स्थापना झाल्यापासून विद्यार्थ्यांना खेड्यात नेण्यावर भर राहिला आहे. बाल्टिमोरच्या क्षयरोग्यांच्या घरी जाणाऱ्या विद्यार्थिनींचीच ही पुढची वाट म्हणता येईल.

मात्र कागदावरचा अभ्यासक्रम आणि वॉर्ड यांत अंतर असते. संवादकौशल्याचा तास सभागृहात होतो आणि गुण लेखी परीक्षेत मिळतात. वॉर्डात एका खाटेभोवती वीस-पंचवीस विद्यार्थी उभे राहतात, मागच्यांना रुग्णाचा चेहराही दिसत नाही. पुढे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा खुणावत असते. तिथे बहुपर्यायी प्रश्न असतात आणि पीच सोलण्याला गुण नसतात. रुग्णही आता महिनाभर वॉर्डात राहत नाही. दोन-चार दिवसांत घरी जातो. ऑस्लर यांनी ज्या संथ सहवासावर आपली पद्धत उभी केली, तो सहवासच उरलेला नाही.

म्हणून ऑस्लर यांच्याकडून घेण्यासारखे काय, तर तो झगा किंवा तो किस्सा नव्हे. घेण्यासारखी आहे ती रचना. विद्यार्थ्याला एक खाट, एक घर, एक माणूस सोपवावा. त्याची नोंद कुणीतरी रोज वाचावी. आणि शिक्षकाने त्या खाटेपाशी स्वतः जाऊन बसावे, म्हणजे कसे बसायचे ते विद्यार्थी पाहतील. चांगुलपणा शिकवता येत नसेल कदाचित, पण चांगुलपणाला जागा आणि वेळ मिळेल असे वेळापत्रक विद्यापीठाला नक्कीच आखता येते. हॉपकिन्समध्ये ते आखले गेले होते.

ऑस्लर यांनी जमवलेले सुमारे आठ हजार ग्रंथ त्यांच्या इच्छेनुसार मॅकगिल विद्यापीठाला गेले. १९२९ मध्ये तेथे ऑस्लर ग्रंथालय उघडले आणि त्यांच्या अस्थी त्या ग्रंथांच्या सहवासात ठेवण्यात आल्या. पुस्तकांवर एवढे प्रेम करणाऱ्या माणसाला ही जागा शोभते. मात्र पुस्तकांतून शिकलेले रुग्णाच्या खाटेपाशी पडताळून पाहायला हवे, हे आयुष्यभर सांगणाऱ्या या शिक्षकाचे खरे स्मारक रोज सकाळी नव्याने उभे राहते. एखादा विद्यार्थी खाटेपाशी जातो, स्टूल ओढून बसतो आणि समोरच्या माणसाला आधी त्याचे नाव विचारतो, तेव्हा.